गिरणगावात वन बीएचके घेताना या चुका टाळा

लालबाग, परळ, काळाचौकी, करी रोड, लोअर परळ या गिरणगावच्या पट्ट्यात विक्रीला निघणारी चारशे-साडेचारशे चौरस फुटांची घरे वरवर सारखी दिसत असली, तरी त्यांची कुळकथा एक नसते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने त्यांच्या जमिनी विकासाला खुल्या झाल्या आणि आसपासच्या चाळींचा पुनर्विकास वेगळ्या नियमांखाली सुरू झाला. परिणामी एकाच गल्लीत गिरणीच्या जागेवरचा टॉवर, चाळीच्या जागी उभी राहिलेली पुनर्वसन इमारत, म्हाडाने गिरणी कामगाराला दिलेले घर आणि अजूनही पागडीवर असलेली खोली असे चारही प्रकार सापडतात. ग्राहक आधी गॅलरीतला वारा पाहतो आणि घर यांपैकी कशात मोडते हे टोकन दिल्यावर विचारतो. बहुतेक अडचणी तिथेच सुरू होतात.

पागडीची खोली मालकीची समजून घेणे ही त्यांतली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पागडीत मिळतो तो भाडेहक्क. मालकी घरमालकाकडेच राहते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ने पागडीच्या रकमेच्या देवघेवीला मान्यता दिली असली, तरी हस्तांतरणाला घरमालकाची संमती लागते आणि भाडेपावती आपल्या नावावर होईपर्यंत व्यवहार अर्धवटच असतो. अशा खोलीवर गृहकर्ज मिळणे कठीण असते, हेही आधीच गृहीत धरावे. ‘लवकरच टॉवर होणार, तुम्हाला वन बीएचके मिळणार’ या भरवशावर खोली घेणाऱ्याने म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाने प्रमाणित केलेल्या भाडेकरूंच्या यादीत विकणाऱ्याचे नाव आहे का, पुनर्विकासाला मंडळाचे ना हरकत प्रमाणपत्र मिळाले आहे का आणि विकासकाशी झालेला करारनामा नोंदणीकृत आहे का, हे तिन्ही कागद स्वतः पाहावेत. चाळ कमिटीचे अध्यक्ष ओळखीचे असणे हा यांपैकी कशालाही पर्याय नाही. गिरणी कामगारांच्या सोडतीतील घर तर ठरावीक मुदतीपर्यंत विकताच येत नाही; त्याआधी कुलमुखत्यारपत्रावर केलेला सौदा स्वस्त दिसतो, पण त्याने घर नावावर होत नाही.

दुसरी चूक क्षेत्रफळाची. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्यानुसार, कार्पेट (घरातल्या वापराच्या) क्षेत्रफळात आतल्या भिंती धरल्या जातात, मात्र बाहेरच्या भिंती आणि केवळ त्या घरासाठी असलेली बाल्कनी धरली जात नाही. पुनर्विक्रीच्या घरात दलाल जो आकडा सांगतो तो पुष्कळदा सुपर बिल्ट-अपचा, म्हणजे भिंती आणि जिना-लॉबीचा वाटा धरून फुगवलेला असतो. शिवाय जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलण्यापूर्वी मंजूर झालेल्या अनेक इमारतींत फ्लॉवर बेड (खिडकीबाहेरचे फुलझाडांचे कट्टे) एफएसआयमधून, म्हणजे मंजूर बांधकामाच्या हिशोबातून, वगळलेले असत आणि पुढे रहिवाशांनी ते हॉलमध्ये किंवा बेडरूममध्ये सामावून घेतले. हॉलच्या खिडकीखालची लादी मधेच बदललेली किंवा तेवढाच भाग चार बोटे उंच दिसला, तर मंजूर नकाशा मागून घ्यावा. बँकेचा मूल्यांकनकार हा भाग धरत नाही, कर्ज कमी बसते आणि ऐन वेळी पैशांची जुळवाजुळव करावी लागते. टॉवरला भोगवटा प्रमाणपत्र (राहायला जाण्याची पालिकेची परवानगी) आहे एवढ्या उत्तरावरही थांबू नये. ते अंशतः असेल, तर आपला मजला त्यात आहे का, हे पाहणे आवश्यक आहे.

पैशांचे गणित घराच्या किमतीवरच थांबवणे हीही नेहमीची चूक. दीड कोटींच्या घरावर, कर्ज ७५ लाखांच्या वर जात असल्याने, बँक किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच, म्हणजे फार तर १ कोटी १२ लाख ५० हजार रुपये देते. उरलेले ३७ लाख ५० हजार, ६ टक्के मुद्रांक शुल्काचे ९ लाख आणि नोंदणीचे ३० हजार रुपये आपल्या खिशातून जातात. घर केवळ महिलेच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून अधिक रकमेचा असेल, तर विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून एक टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या नावे भरायचा प्राप्तिकर) कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. या भागातील टॉवरमध्ये गुंतवणूक म्हणून घरे घेतलेले अनिवासी भारतीयही आहेत. विकणारा तसा असेल, तर एक टक्क्याचा नियम लागू होत नाही आणि कपात बरीच अधिक असते. हे खरेदीखताच्या दिवशी कळले, तर व्यवहार तिथेच अडतो.

घर फक्त रविवारी सकाळी पाहू नये. हिंदमाता आणि परळचा सखल भाग मुसळधार पावसात भरतीच्या वेळी कसा असतो, ते एकदा पाहावे आणि शक्य झाल्यास गणेशोत्सवातही फेरी मारावी. लालबागमध्ये त्या दहा दिवसांत स्वतःच्या इमारतीच्या दारापर्यंत पोहोचणे हाच एक उपक्रम असतो, आणि ज्याला ते सोसवत नाही त्याने चार गल्ल्या सोडून घर शोधलेले बरे.

शेवटी सोसायटी. मेंटेनन्सची थकबाकी नसल्याचे पत्र आणि मूळ शेअर सर्टिफिकेट पाहिल्याशिवाय मोठी रक्कम देऊ नये. महापालिका हद्दीत हस्तांतरण प्रीमियमची (घर नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते त्या रकमेची) कमाल मर्यादा २५ हजार रुपये आहे; त्याहून अधिक रक्कम ‘देणगी’ म्हणून मागितली गेल्यास लेखी मागणी मागावी. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता करात माफी असली, तरी आधीच्या वर्षांची बाकी तपासून घ्यावी आणि नोंदणी होताच बेस्टच्या वीज मीटरवरील नाव बदलण्याचा अर्ज करावा.