धंदा ‘ग्रीन’ करायला निघालात? मग कोकणात तरी या चुका टाळा

रत्नागिरीच्या बाजूला आमचं छोटंसं युनिट आहे, कोकम आगळ, सरबत, आणि एप्रिल-मे मध्ये हापूसचा पल्प. एरवी बारा माणसं, सीझनला तीस. तीन वर्षांमागे आमचा माल घेणाऱ्या एका मोठ्या कंपनीकडून चार पानी फॉर्म आला, वीज किती जाळता, पाणी कुठून घेता, कचरा कुठे जातो, प्लास्टिक किती किलो. शेअर बाजारातल्या वरच्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीच्या नियमाने असला अहवाल द्यावाच लागतो, आणि मग ते खाली आपल्यासारख्या सप्लायरला विचारत सुटतात. मी फॉर्म बघून घाबरलो आणि थेट खरेदीलाच बाहेर पडलो, आणि तिथेच पहिली माती खाल्ली.

बिल न वाचता खरेदी

ऑफिसमधल्या सगळ्या ट्यूब काढून एलईडी लावल्या, दोन बीएलडीसी पंखे आणले (हा पंखा ३० वॅटच्या आसपास खातो, जुना पंखा ७५), फोटो काढून ग्रुपवर टाकले, सगळ्यांनी अंगठे दिले. पुढच्या महिन्याचं बिल जसंच्या तसं! मग डोकं चाललं की ऑफिसच्या पंख्याने असा काय फरक पडणार होता, आमची निम्म्याहून जास्त वीज कोल्ड रूम खाते. तिच्या दाराचं रबर खालच्या कोपऱ्यात फाटलेलं होतं, तिथून बाहेरची दमट हवा आत शिरायची आणि कॉइलवर बर्फ धरायचा, आणि बाहेर कंडेन्सरच्या (कोल्ड रूमची गरमी बाहेर टाकणारी जाळी) पत्र्या खाऱ्या वाऱ्याने खाऊन नुसत्या पापडासारख्या झालेल्या. म्हणजे मशीन दिवसरात्र धापा टाकतंय आणि आम्ही पंखे बदलतोय.

तुमचं असं होतंय का हे बघायला कोणी कन्सल्टंट नको. कारखाना बंद करून जाताना मीटरचं रीडिंग लिहून ठेवा, सकाळी आल्या आल्या परत लिहा. कोणी नसताना किती युनिट गेले ते कळतं, आणि तो आकडा बघून धक्का बसला तर चोर घरातच आहे. दाराचं रबर बघायचं तर दारात दहाची नोट धरून दार लावा, नोट अलगद ओढून निघाली तर रबर गेलं. कंडेन्सर महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, किनाऱ्यावर असाल तर पंधरा दिवसांनी, आणि त्याआधी मेन स्विच बंद करा हे मला सांगायला लागू नये.

तीच गोष्ट बॉयलरची. आमच्या स्टीमच्या पायपाला लॅगिंगच, म्हणजे उष्णता बाहेर जाऊ न देणारं आवरण, नव्हतं. बॉयलरवाले काका पावसाळ्यात त्या पायपावर आपला शर्ट वाळत घालायचे, दहा मिनिटात कडक, आणि आम्हाला सगळ्यांना ती मोठी सोय वाटायची. म्हणजे लाकूड जाळून आम्ही शर्ट वाळवत होतो. लॅगिंग केलं तेव्हा काका म्हणाले, “अरे बाबा, मग आता मी शर्ट कुठे घालू?” लाकूड कमी लागायला लागलं हे त्यांनाच आधी कळलं, कारण ओंडके तेच टाकतात.

सोलर लावलं की झालं, असं समजणं

ह्यावर जरा जास्त लिहितो कारण ह्यात माझ्या ओळखीतल्या निदान चार जणांचे पैसे अडकलेत.

पहिलं म्हणजे साधं ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं सोलर लाईट गेली की बंद पडतं. हो, भर उन्हात सुद्धा. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या बाजूने शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच बंद होतो, तो बिघाड नाही. आमच्याकडे जूनमध्ये एक वाऱ्याची झोड आली की दोन दोन दिवस लाईट नसते, तेव्हा ‘सोलर आहे ना’ म्हणून जनरेटर विकून बसू नका. खरंच बॅकअप हवा असेल तर बॅटरीवाली हायब्रीड सिस्टीम लागते आणि तिचा खर्च वेगळा. बरं जनरेटर काही स्वस्त नाही, एक लिटर डिझेलमधून जेमतेम तीन-साडेतीन युनिट निघतात, म्हणून त्याच्यावर कोल्ड रूम सोडून बाकी काही लावू नका, एसी तर नाहीच.

दुसरं, सबसिडी. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेची जी ७८,००० पर्यंतची सबसिडी ऐकता ती घरगुती मीटरची आहे. दुकान, कारखाना, हॉटेलच्या मीटरला ती नाही. एजंट गोलमोल बोलतो, तुम्ही सही करून मोकळे होता. धंद्याला इन्कम टॅक्समध्ये ४० टक्के घसारा मिळतो, ते सीएकडून समजून घ्या.

तिसरं म्हणजे खारं वारं आणि वादळ. ३ जून २०२० चं निसर्ग आणि पुढच्याच मे मधलं तौक्ते ज्यांनी बघितलंय त्यांना छपरावरचा पत्रा कसा उडतो ते सांगायला नको. पॅनलला वॉरंटी २५ वर्षांची असते पण खालचा लोखंडी सांगाडा स्वस्तातला घेतला तर किनाऱ्यावर तीन पावसात गंजून भुगा. हॉट डिप गॅल्व्हनाइज (जस्तात बुडवून थर चढवलेला) किंवा अॅल्युमिनियमचा सांगाडा, आणि नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे, हे कोटेशनमध्ये लिहूनच घ्या. कौलांवर बसवायचा हट्ट करू नका, कौलं फुटतात आणि गळती सुरू झाली की सगळा दोष सोलरला.

आणि बसवल्यावर बिल कमी होत नसेल तर आधी वर बघा. १ किलोवॅटला दिवसाला साधारण ४ युनिट धरतात, पावसाळ्यात ते खालीच येणार, पण फेब्रुवारीत सुद्धा येत नसतील तर बहुतेक वेळा माडाची सावली असते. एका पॅनलवर झावळीची सावली पडली तरी त्या रांगेतल्या बाकीच्या पॅनलची वीज पण पडते. नाहीतर मग बोअरच्या मचूळ पाण्याने पॅनल धुताय, त्याचा पांढरा थर बसतो. गोडं पाणी वापरा, सकाळी काच थंड असताना.

कचऱ्याचा खड्डा

ही माझी स्वतःची लाज आहे. शंभर किलो हापूस घेतला तर रस पन्नास-साठ किलो, बाकी साल आणि कोय. पहिल्या वर्षी आम्ही मागच्या बाजूला जेसीबीने खड्डा मारला आणि सगळं त्यात. एप्रिलभर काही नाही, मे मध्ये वास आणि चिलटं, आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात खड्डा भरून वाहिला, कोयी पऱ्यातून (ओढ्यातून) तरंगत तरंगत खालच्या वाडीतल्या एका काकूंच्या तरव्यात, म्हणजे भाताच्या रोपांच्या वाफ्यात. तुम्ही कोकणातले असाल तर तरव्यात घाण येणं म्हणजे काय ते कळेल. काकू काही ओरडल्या नाहीत, एक टोपली भरून कोयी घेऊन आल्या आणि आमच्या गेटवर ओतून गेल्या. मी चहा घ्या म्हटलं तर “नको, तुमच्याकडचं पुरे झालं.”

आता काय करतो ते सांगतो. ताज्या, गरम न झालेल्या कोयी रोपवाटिकावाले घेऊन जातात, कोय कलमांना त्यांना ढिगाने कोयी लागतात, पण दोन-चार दिवसांच्या आतच, साचवून ठेवल्या तर रुजत नाहीत. साल शेणात आणि पालापाचोळ्यात थराथराने, वर पत्रा, आणि खड्ड्यात नाही, उंचवट्यावर, म्हणजे पाऊस आत येत नाही आणि आतलं बाहेर जात नाही. कोकमाच्या बिया तर कचऱ्यात टाकणं म्हणजे गुन्हाच, त्यातून मुठेल (कोकमाचं घट्ट तेल) निघतं, भेगांना लावायला घरोघरी होतंच, आता साबण आणि क्रीमवाले पण मागतात. धुण्याचं पाणी हा वेगळा विषय, त्यात आंब्याची साखर असते, ते तसंच ओढ्यात सोडलं तर पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. टाकी बांधून प्रक्रिया करूनच बागेला, आणि प्रदूषण मंडळाच्या संमतीत काय लिहिलंय ते एकदा काढून वाचा, बहुतेकांनी ते कपाटात ठेवल्यावर परत बघितलेलं नसतं.

पाणी भरपूर आहे हा भ्रम

तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिलात टँकर. इथल्या जांभ्या दगडात पाणी ठरत नाही, चाळणीसारखं खाली जातं आणि समुद्राला मिळतं. म्हणून इथे नुसता शोषखड्डा मारून काम भागत नाही, टाकी बांधावी लागते, नाहीतर विहिरीच्या वरच्या अंगाला चर. आणि त्याच जांभ्यातून संडासचं पाणी पण तसंच धावतं. होमस्टेवाल्यांनो, दोन खोल्यांच्या आठ केल्यात, सेप्टिक टँक तोच जुना, आणि विहीर पन्नास फुटाच्या आत. विहिरीच्या पाण्याची तपासणी दर पावसाळ्यानंतर करून घ्याच. किनाऱ्याजवळ रात्रभर मोटर चालवून विहीर उपसाल तर खारं पाणी आत येतं, आणि ते एकदा आलं की परत घालवणं सोपं नसतं.

विघटनशील कप

केंद्राने १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे कप, चमचे, स्ट्रॉ बंद केले (राज्यात बंदी २०१८ पासूनच आहे) तर सगळे कंपोस्टेबलकडे पळाले. ती वस्तू कंपोस्ट प्लांटच्या गरमीत कुजते, गटारात किंवा समुद्रात नाही. आणि कागदी कपाला आतून बहुतेक वेळा प्लास्टिकचा थर असतो. स्टीलचे पेले घ्या, धुवायला एक माणूस ठेवा, झालं. ताटांना पोफळीच्या (सुपारीच्या झाडाच्या) विरीच्या पत्रावळी छान, फक्त पावसात बुरशी धरतात म्हणून सप्टेंबरनंतरच साठा करा. काचेची बाटली म्हणजे आपोआप चांगली असं पण नाही, रिकामीच चारशे-पाचशे ग्रॅम, पेट प्लास्टिकची तीस-चाळीस, आणि ते वजन आंबा घाटातून कोल्हापूरला चढवायला डिझेल लागतं. काच परत येणार असेल तरच काच.

लेबलवर ‘१०० टक्के इको-फ्रेंडली’ छापलं असेल तर खोडा. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असल्या दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, मोघम शब्द वापरलात तर पुरावा आणि खुलासा द्यावा लागतो. त्यापेक्षा ‘रिकामी बाटली परत आणा, ५ रुपये घ्या’ एवढंच छापा, ते खरं असेल तर.

खानावळवाल्यांसाठी दोनच गोष्टी. तळहाताएवढं पण नसलेलं पापलेट थाळीत ठेवू नका, २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिलाय, आणि त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झालं. (राज्यमाशाची पिल्लं तळून खायची, काय बोलायचं आता.) आणि किनाऱ्यावर फोकस लावले असतील तर नोव्हेंबर ते मे रात्रीचे बंद ठेवा, वेळाससारख्या किनाऱ्यांवर कासवाची पिल्लं उजेडाकडे वळतात, समुद्र सोडून तुमच्या हॉटेलकडे येतात.

सगळं मालकाच्या डोक्यात

शेवटची चूक अशी की मी सगळं मोबाइलमध्ये लिहीत होतो आणि बाकी कोणाला काही माहीत नव्हतं. आता गेटजवळ खिळ्याला एक वही टांगलीय, संध्याकाळी काका मीटर लिहितात आणि धुण्याच्या हौदावरच्या ताई टाकीची पातळी. गेल्या फेब्रुवारीत एका सोमवारी ताईच म्हणाल्या, “दादा, काल सुट्टी होती ना, मग टाकी चार बोटं खाली कशी?” शोधलं तर मागच्या संडासातला बॉल कॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारा) अडकलेला, रात्रंदिवस बारीक धार चालू होती, किती महिने ते देव जाणे.