साथीच्या तपासात या चुका टाळा

साथरोगाचा तपास फसतो तो बहुधा रुग्णाच्या दारातच, फॉर्म भरत असताना. पुण्यात १९५२ पासून विषाणूंवर संशोधन करणारी राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे आणि रोगजंतू ओळखण्याची अशी सोय देशात फार थोड्या शहरांना लाभली आहे. परंतु नमुन्यासोबत गेलेल्या कागदावर तारीख किंवा पत्ता चुकीचा असेल, तर प्रयोगशाळेने दिलेले अचूक उत्तरही साथ कुठून आली हे सांगू शकत नाही. सर्वेक्षणाचे काम करताना आणि विद्यार्थ्यांकडून ते करून घेताना ज्या चुका मला वारंवार दिसल्या, त्या येथे मांडत आहे. त्यांपैकी काही माझ्या हातूनही झाल्या आहेत.

तारीख कोणती लिहिता?

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे अहवाल आल्याची किंवा रुग्णालयात दाखल झाल्याची तारीख हीच आजाराची तारीख म्हणून लिहिणे. साथीचा आलेख लक्षणे सुरू झाली त्या दिवसावर काढायचा असतो. अहवालाच्या तारखेवर काढलेल्या आलेखात रविवारी रुग्ण घटतात आणि सोमवारी वाढतात. तो चढउतार प्रयोगशाळेच्या सुट्टीमुळे आलेला असतो, रोगाशी त्याचा काही संबंध नसतो.

नुसते "ताप कधी आला?" असे विचारले, तर "झाले की चार-पाच दिवस" एवढेच उत्तर मिळते. अशा वेळी सणवार, बाजाराचा दिवस, पाणी न आलेला दिवस यांचा आधार घ्यावा. धायरीत एका आजींना नातवाच्या तापाची तारीख काही केल्या आठवत नव्हती. "आजी, गौरी जेवल्या त्या दिवशी त्याला ताप होता का?" असे विचारताच त्या म्हणाल्या, "नव्हता हो, चांगल्या दोन पोळ्या खाल्ल्या त्याने. विसर्जनाच्या रात्री अंग तापलं." तारीख मिळाली, आणि शेजारच्या दोन घरांतील रुग्णांशी ती जुळलीही.

तारखेचे महत्त्व पाण्याच्या तपासात सर्वाधिक जाणवते. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या किरकटवाडी, नांदेड, नांदोशी, धायरी या भागांत गुलेन-बारी सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले आणि पुणे परिसरातील संशयित रुग्णांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला. गुलेन-बारी हा स्वतः एकापासून दुसऱ्याला होणारा आजार नाही. आधीच्या जंतुसंसर्गानंतर, साधारणपणे एक ते तीन आठवड्यांनी, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते आणि हातपायांतली शक्ती जाते. म्हणजे पायांतली शक्ती गेल्यावर नळाखाली धरलेली बाटली त्या दिवशीचे पाणी सांगते, संसर्ग झाला त्या दिवशीचे नव्हे. म्हणून रुग्णाला अशक्तपणाची तारीख विचारून थांबू नये. त्याआधी जुलाब कधी झाले, त्या आठवड्यात पाणी विहिरीचे होते की टँकरचे, घरी कोणी आजारी होते का, हे सर्व विचारावे.

पाण्याच्या तपासातील चुका

"टीसीएल (म्हणजे ब्लीचिंग पावडर) टाकले आहे" या वाक्यावर विसंबून राहू नये. ब्लीचिंग पावडर ताजी असताना तिच्यात सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असते, पण ओल, ऊन आणि उघडे पोते यांमुळे ते वेगाने कमी होते. जलसुरक्षकाने नेहमीच्या मापाने पावडर टाकली तरी पोते जुने असेल, तर पाण्यात क्लोरीन जवळजवळ उतरतच नाही. पावडर टाकल्यानंतर किमान अर्धा तास जाऊ द्यावा आणि ओटी चाचणी (थेंब टाकून पाण्यातील क्लोरीन पाहण्याची) टाकीजवळ न करता वाहिनीच्या शेवटच्या घरातील नळावर करावी; तेथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे. थेंब टाकल्यावर पिवळा रंग लगेच पाहावा, कारण उशिरा गडद होणारा पिवळेपणा अमोनियाशी जखडलेल्या क्लोरीनचाही असतो आणि पाणी सुरक्षित असल्याचा चुकीचा समज त्यातून होतो.

जिवाणू तपासणीसाठी नमुना घेताना बाटलीत सोडियम थायोसल्फेट हवेच. ते नसेल, तर पाण्यातील क्लोरीन वाटेत जंतू मारत राहतो आणि अहवाल विनाकारण चांगला येतो. बाटली आधी विसळली, तर आतले थायोसल्फेटही वाहून जाते. ही चूक फार जण स्वच्छतेच्या हेतूनेच करतात.

फक्त आजारी माणसांनाच प्रश्न विचारणे

वीस रुग्णांपैकी सोळा जणांनी एकाच गाडीवरची पाणीपुरी खाल्ली, एवढ्यावरून गाडीला दोष देता येत नाही. त्याच गल्लीतील, त्याच वयाच्या, आजारी न पडलेल्या माणसांपैकी किती जणांनी ती खाल्ली होती, हे कळल्याशिवाय सोळा या आकड्याला अर्थ नाही. निरोगी शेजाऱ्यांनीही तितक्याच प्रमाणात खाल्ली असेल, तर कारण दुसरीकडे शोधावे लागते. वेळ नाही म्हणून हीच पायरी सर्वांत आधी गाळली जाते, आणि एखाद्या गरीब विक्रेत्याचा धंदा बसूनही साथ चालूच राहते. मला ही चूक सर्वांत जास्त सलते.

पत्ता

आधार कार्डावरचा पत्ता लिहू नये. वसतिगृहात राहणारा विद्यार्थी कागदावर लातूरचा असतो आणि त्याची नोंद तिकडे जाते. इकडे वसतिगृहाच्या टाकीत डासांच्या अळ्या वाढत राहतात. डेंग्यूचा एडिस डास प्रामुख्याने दिवसा चावतो, त्यामुळे राहण्याच्या ठिकाणाबरोबर दिवसभर असण्याचे ठिकाण, म्हणजे कार्यालय, शाळा किंवा बांधकामाची जागा, हेही नोंदवावे.

चाचणी चुकीच्या दिवशी करणे

डेंग्यूच्या विषाणूचे प्रथिन शोधणारी एनएस-१ चाचणी साधारण पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते आणि आयजीएम प्रतिपिंडे (संसर्गाविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने) त्यानंतर सापडू लागतात. दुसऱ्या दिवशी केलेली आयजीएम चाचणी नकारात्मक आली म्हणून रुग्णाला यादीतून वगळू नये. नमुन्यावर तापाचा दिवस लिहिलेला नसेल, तर अहवालाचा अर्थ लावता येत नाही.

उपायाचे श्रेय घाईने देणे

धूरफवारणी झाली आणि तिसऱ्या दिवशी रुग्ण घटले, तर ती घट फवारणीमुळे झालेली नसते. विषाणू डासाच्या शरीरात वाढायला सुमारे आठ ते बारा दिवस लागतात आणि चावल्यानंतर माणसाला ताप यायला आणखी चार ते दहा दिवस. म्हणून डासांवरील उपायाचा परिणाम पाहायला दोन-तीन आठवडे थांबावे लागते. शिवाय धुराने उडते डास मरतात, अळ्या तशाच राहतात. फ्रीजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली आणि गच्चीवरचे टायर आठवड्यातून एकदा कोरडे केले नाहीत, तर नवे डास येतच राहतात.

रोग कोणत्या मार्गाने पसरतो हे न कळता उपाय लादल्यास काय होते, हे पुण्याने १८९७ मध्ये सोसले आहे. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये सापडला होता, पण उंदरावरील पिसवांमार्फत तो पसरतो हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले. मधल्या काळात पुण्यात सैनिकांकरवी घरझडत्या झाल्या, माणसे सक्तीने हलवली गेली, आणि धास्तावलेले लोक रुग्ण लपवू लागले. लपवलेला रुग्ण कोणत्याही नोंदवहीत येत नाही. आजही फॉर्म भरताना आवाज चढवला किंवा सोसायटीच्या गटावर रुग्णाचे नाव गेले, की पुढच्या घरातून "आमच्याकडे सगळे ठीक आहेत" हेच उत्तर मिळते.

आकडा एकदम बदलला तर

रुग्णसंख्या अचानक खाली आली, तर आधी चाचणीचे किट संपले का, दिवाळीची सुट्टी होती का, एखाद्या खासगी प्रयोगशाळेने माहिती पाठवणे थांबवले का, हे तपासावे. अचानक वाढली, तर नवे शिबिर, नवी प्रयोगशाळा किंवा रुग्ण ठरवण्याची बदललेली व्याख्या शोधावी. किती नमुने तपासले हा आकडा रुग्णांच्या आकड्याशेजारी रोज लिहिलेला असेल, तर यातील बहुतेक प्रश्न पाच मिनिटांत सुटतात.

अळ्यांच्या सर्वेक्षणात हाऊस इंडेक्स (तपासलेल्या घरांपैकी अळ्या सापडलेल्या घरांची टक्केवारी) काढताना बंद घरे "अळ्या नाहीत" या रकान्यात टाकली जातात आणि इंडेक्स आपोआप खाली येतो. बंद घरांची वेगळी मोजणी करावी, ती भागाकारात घेऊ नयेत, आणि नोकरदारांच्या इमारतींत संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी सकाळी पुन्हा जावे.