सिंपल की कंटिन्युअस? आधी मराठी वाक्यातलं ‘मला’ शोधा

इंग्रजीच्या वर्तमानकाळात ‘ऑलवेज’ दिसलं की सिंपल (‘आय वर्क’), ‘नाऊ’ दिसलं की कंटिन्युअस (‘आय ॲम वर्किंग’), हा शिकवणीतला मंत्र आधी विसरा. ‘आय नीड इट नाऊ’ एवढ्याशा वाक्यापाशीच तो कोसळतो.

१. सवय किंवा कायमची गोष्ट असेल तर सिंपल: ‘शी वर्क्स इन अ बँक.’

२. आत्ता चालू असलेलं किंवा थोड्या दिवसांपुरतं असेल तर कंटिन्युअस. निघताना आपण ‘येतो हं’ म्हणतो. इंग्रजीत तिथं ‘आय ॲम लीव्हिंग’.

३. खरी अडचण इथं आहे. ‘मला कळतंय’, ‘मला आठवतंय’, ‘मला हवंय’ हे मराठीत अगदी शुद्ध. त्या शेवटच्या ‘य’मुळे जिभेवर ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ येतं. मी कित्येक वर्षं असंच बोलत होतो. एका मुलाखतीत ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ म्हणालो. समोरच्या बाईंनी वाक्य दुरुस्त करून हळूच परत उच्चारलं, तेव्हा चूक कळली. मग स्टेटिव्ह क्रियापदांच्या, म्हणजे कृती नव्हे तर स्थिती सांगणाऱ्या ‘नो’, ‘वाँट’सारख्या क्रियापदांच्या, याद्या पाठ केल्या. बोलताना त्यांतलं एकही वेळेवर आठवायचं नाही. याद्या पाठ करू नका.

कामी आली ती मराठीच. मनातलं वाक्य ‘मी’नं सुरू होतंय की ‘मला’नं, ते बघा. ‘मला’ असेल तर क्रियापदाला आयएनजी (ing) नको. मला माहीत आहे: ‘आय नो’. मला दोन भाऊ आहेत: ‘आय हॅव टू ब्रदर्स’. मला वाटतं: ‘आय थिंक’, पण मी विचार करतोय: ‘आय ॲम थिंकिंग’. मी जेवतोय, म्हणून ‘आय ॲम हॅविंग लंच’ बरोबर.

अपवाद आहेत. मला घाम येतोय, मला मजा येतेय, इथं ‘स्वेटिंग’, ‘एन्जॉइंग’च हवं. उलट ‘मी त्याला ओळखतो’ आणि ‘माझ्याकडे गाडी आहे’ यांत ‘मला’ नाही, तरी ‘आय नो हिम’ आणि ‘आय हॅव अ कार’च. असे अपवाद मात्र लक्षात ठेवावे लागतात.

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत, स्पीकिंगमध्ये चार निकषांपैकी एक व्याकरणाचा असतो. ‘सगळे असंच बोलतात’ ही सबब तिथं चालत नाही.

४. आधी सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीसाठी वाक्यात ‘पासून’ आलं तर दोन्ही काळ बाजूला ठेवा. मी २०१५पासून इथं राहतोय: ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर सिन्स २०१५’.