कोरियात नवीन आलात? रात्रीच्या सामग्योप्सालला नाही म्हणू नका

सुवॉनला या, सोलला या, देजॉनला या. नोकरीसाठी या की पीएचडीसाठी. पहिल्या पंधरवड्यातच टीममधलं किंवा लॅबमधलं कुणीतरी विचारणार, "आज रात्री सामग्योप्साल?" म्हणजे डुकराच्या पोटाकडचं, चरबीचे थर असलेलं मांस, टेबलातल्या शेगडीवर आपणच भाजून खायचं. इथेच आपली बरीच मंडळी मागे सरतात. कुणी शाकाहारी असतं, कुणी मटण-चिकन आवडीनं खातं पण डुक्कर म्हटलं की नको, कुणी दारू पीत नाही, कुणाला रात्री अकरानंतर घरी कसं जायचं याचीच काळजी. मग "पुढच्या वेळी नक्की" असं दोन-तीनदा झालं की बोलावणं येणंच बंद होतं, आणि मग आम्हाला फोन येतात, "ताई, इथे कुणी मिसळतच नाही हो."

मी इथे बरीच वर्षं आहे, सुवॉनच्या योंगथोंग भागात, सॅमसंगच्या कॅम्पसपासून जवळ. आपली पुष्कळ मुलं-मुली येताना पाहिली. एकच गोष्ट मनापासून सांगते: खाणं नाकारा, बसणं नाकारू नका. दिवसा इथल्या ऑफिसात माणसं कामापुरतंच बोलतात. इंग्रजी बोलायला लाजणारा सीनियर रात्री शेगडीपाशी हातवारे करून, मोबाइलवर भाषांतर करून तासभर बोलतो. घरभाड्याचं डिपॉझिट परत मिळत नसेल तर कुणाकडे जायचं, कोणत्या प्रोफेसरांकडे रजा कशी मागायची, कोणत्या दवाखान्यात इंग्रजी चालतं, हे सगळं मला अशाच टेबलांवर कळलं.

आधी डुकराबद्दल बोलू, कारण खरी अडचण तिथे आहे. वसई-गोव्याकडचे ख्रिस्ती आणि आणखी काही समाज सोडले तर आपल्या बहुतेकांच्या घरात हे मांस शिजत नाही. डोळ्यांसमोर गावातल्या उकिरड्यावरची डुकरं येतात, पोटात कृमी होतात हे लहानपणापासून ऐकलेलं असतं. इथली डुकरं फार्मवर वाढतात, तपासणी होणाऱ्या कत्तलखान्यातून येतात, आणि २०१४ च्या अखेरीपासून मांस कुठल्या फार्मवरचं हे नंबरावरून शोधता येतं. तुम्ही मांसाहारी असाल आणि अडचण फक्त किळसेची असेल, तर एकदा नीट भाजलेला एक तुकडा खाऊन ठरवा. धर्मानं किंवा तत्त्वानं चालत नसेल तर विषय संपला, कुणालाही स्पष्टीकरण द्यायची गरज नाही. "चॉनन द्वेजीगोगी मोन मॉगॉयो", म्हणजे मी डुकराचं मांस खात नाही, हे वाक्य पाठ करा. बोलावणं आलं त्याच वेळी सांगा, टेबलावर बसल्यावर नको. आधी सांगितलं तर लोक दुकान बदलतात, नाहीतर तुमच्यासाठी काहीतरी वेगळं मागवून ठेवतात. ऐनवेळी सांगितलं तर बोलावणाऱ्याला फार ओशाळल्यासारखं होतं.

गोमांस न खाणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची सूचना. डुकराचं दुकान म्हणजे गाईचा प्रश्न नाही असं समजू नका. मांस संपल्यावर लोक थंड नूडल्स मागवतात, नेंगम्योन; त्यातलं बर्फाळ पाणी बहुतेक वेळा बीफच्या रश्श्याचं असतं. त्वेन्जांगच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, उकळत्या रश्श्यातही कधी बीफच्या चकत्या असतात. भिंतीवर एक फलक बघा, मांस, तांदूळ, किमची कुठल्या देशातलं हे त्यावर लिहिलेलं असतं. असा फलक लावणं कायद्यानं बंधनकारक आहे. त्यात 'सोगोगी' दिसलं की त्या स्वयंपाकघरात बीफ आहे. मग विचारा, "सोगोगी तरॉगायो?" यात बीफ आहे का?

शाकाहारी मंडळींनी घरून थोडं खाऊन जावं, हे सरळ सांगते. किमचीत बहुधा माशाचा किंवा कोळंबीचा खार असतो, रश्श्यात सुके मासे असतात, फुगलेल्या वाफाळत्या अंड्यातसुद्धा तेच पाणी असू शकतं. उरतं काय? वाटीभर भात, लेट्यूसची पानं, कच्चा लसूण, हिरवी मिरची, काकडी-गाजर. मशरूम आणि कांदा असतो, पण शेगडीवर मांस पडण्याआधी ते भाजून घ्यायला सांगा. मला हे जेवण खरंच आवडतं: पानात भात, वर भाजलेलं मशरूम, लसणाची चकती, थोडा झणझणीत साम्जांग. तो सोयाबीन-मिरचीचा लगदा असतो, कडक पथ्य असेल तर त्यात काय घातलंय तेही विचारा. ज्यांना एकाच शेगडीवरचं चालत नाही, त्यांनी दुसऱ्या फेरीला, कॉफीला नाहीतर कराओकेला यायचं. कोरियन रात्र एका दुकानात संपत नाही, पहिली फेरी, दुसरी फेरी असं चालतं, आणि मध्येच सामील झालेलं कुणालाही खटकत नाही.

आता दुकानात शिरू. हिवाळा असेल तर जाड कोट घातलेला असणार. बसायचं स्टूल पिंपासारखं गोल असेल तर त्याची गादी उचला, आत पोकळ असतं, कोट-बॅग त्यात टाका आणि झाकण लावून त्यावर बसा. नाहीतर मोठी प्लास्टिकची पिशवी देतात. हे केलं नाही तर दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तुमच्या कोटाला कालच्या चरबीचा वास येत राहील. चमचे, चॉपस्टिक आणि टिश्यू बहुतेक वेळा टेबलाच्या कडेच्या खणात असतात. पाणी फ्रीजमधून आपणच घ्यायचं. बोलवायला टेबलावर बटण असतं, नसेल तर मोठ्यानं "चॉगियो!" म्हणायचं, इथे हाक मारणं उद्धटपणाचं नाही. हल्ली पुष्कळ ठिकाणी टेबलावर टॅबलेट असतो, त्यात बऱ्याचदा इंग्रजीही मिळते.

पहिली ऑर्डर कमीत कमी दोन माणसांची, ही जवळपास सगळीकडची रीत. "सामग्योप्साल इ-इनबुन जुसेयो", झालं. एका माणसाचं म्हणजे १५० ते २०० ग्रॅम. सोलमध्ये २०० ग्रॅमला साधारण २०,००० वॉन धरून चला. चरबी जास्त वाटत असेल तर मानेकडचं मोकसाल मागवा, ते नवख्यांना सोपं जातं. हांगजॉंगसाल गालामागचं, दाताखाली कुरकुरतं. गाल्मेगीसाल म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याचा स्नायू, रंगानं लाल, चरबी कमी. गोडसर चव आवडत असेल तर सोया सॉस आणि फळांच्या रसात मुरवलेली द्वेजी-गाल्बी. मात्र ती पटकन करपते, चिमटा सारखा हलता ठेवावा लागतो.

भाजण्याची एक शिस्त आहे. लोखंडी तवा एका बाजूला किंचित उतरता असतो, वरच्या अंगाला मांसाची लांब पट्टी, खालच्या अंगाला किमची, लसूण आणि मोड आलेलं कडधान्य. चरबी वितळून उतारानं खाली येते आणि किमची त्यातच परतली जाते, कडा तपकिरी होतात, आंबटपणा उतरून गोडवा येतो. मांस न खाणाऱ्यानं ही तव्यावरची किमची टाळायला हवी, हे लक्षात असू द्या. पट्टीचा खालचा भाग सोनेरी झाला की एकदा उलटायची, मग चिमट्यानं उचलून धरून कात्रीनं घासाएवढे तुकडे करायचे, आणि तुकड्यांच्या कापलेल्या बाजूही भाजायच्या. गुलाबी दिसत असेल तर थांबा, डुकराचं मांस आतपर्यंत शिजलंच पाहिजे. चिमटा बहुधा सगळ्यात लहान माणसाच्या हातात असतो, पण पहिल्या दिवशी तुमच्याकडून तशी अपेक्षा नसते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला "मी करू का?" म्हणून चिमटा मागा. लोकांना किती बरं वाटतं ते बघा. तवा काळा झाला की "फान गारा जुसेयो" म्हणायचं, नवा आणून देतात, वेगळे पैसे पडत नाहीत. लेट्यूस, किमची, लसूणही पुन्हा मागितलं तर मिळतं. मात्र ताटात टाकून देऊ नका.

लेट्यूसच्या पानात बांधलेला घास एकदाच तोंडात घालायचा. अर्धा चावला की सगळं हातावर येतं, म्हणून घास लहान बांधा.

दारूबद्दल स्पष्ट बोलते, कारण पालकही मला हेच विचारतात. न पिणाऱ्याला आता पूर्वीइतका आग्रह होत नाही. कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धचा कायदा जुलै २०१९ मध्ये लागू झाला, आणि जबरदस्तीनं पाजणं त्यात मोडू शकतं हे कंपन्यांना माहीत आहे. चिलसंग सायडर मागवा, ते नुसतं लिंबू-सोड्यासारखं पेय आहे, दारू नाही. तेच ग्लासात घेऊन सगळ्यांबरोबर ग्लास उचला. पित असाल तर ओतताना आणि घेताना दोन्ही हात लावा, वयानं मोठ्यांसमोर थोडं बाजूला वळून प्या, स्वतःचा ग्लास स्वतः भरू नका, दुसऱ्याचा रिकामा दिसला की भरा. सोजू ही इथली नेहमीची दारू; तिची बाटली ३६० मिलीची, साधारण १६ टक्क्यांची, चवीला सौम्य. म्हणूनच ती किती चढली हे उठून उभं राहीपर्यंत कळत नाही. आणि पिऊन गाडी नाही, म्हणजे नाही. जून २०१९ पासून रक्तातल्या दारूची मर्यादा ०.०३ टक्के आहे, एखाद्या ग्लासातही गाठली जाऊ शकते. भाड्याच्या इलेक्ट्रिक स्कूटरलाही पिऊन चालवण्याची बंदी आहे. आपल्या व्हिसावर त्याचा परिणाम होऊ शकतो, याचा विचार करा.

रात्र किती लांबते? भाजायची दुकानं कुठे अकराला बंद होतात, कुठे एक-दोनपर्यंत चालतात. एप्रिल २०२२ मध्ये कोविडचे निर्बंध उठले, पण पूर्वी रात्रभर चालणारी बरीच दुकानं आता लवकर मिटतात. नेव्हर मॅपवर वेळ आणि शेवटची ऑर्डर कितीला, दोन्ही बघून निघा. सोलमध्ये पाहुणे आले की मी जोंगनो ३-गा स्टेशनजवळच्या गाल्मेगीसालच्या गल्लीत नेते, रात्री टेबलं रस्त्यावर येतात आणि अख्खी गल्ली धुरानं भरते. डुकराच्या पायांचं, मसाल्यात शिजवलेलं जोकबाल खायचं असेल तर जांगचुंग-दोंग किंवा गोंगदॉक बाजार. सुवॉनमध्ये पालदालमुन दरवाज्याजवळच्या चिदोंग बाजारात सुन्देची ओळ आहे. सुन्दे म्हणजे आतड्यात रक्त आणि शेवया भरलेलं, हे माहीत असूनच मागवा.

रात्री दोननंतर उघडं असतं ते गुकबापचं दुकान, पुष्कळ ठिकाणी चोवीस तास. माझं मन खरं तिथे रमतं. काळ्या मातीच्या वाडग्यात डुकराच्या हाडांचा पांढरा रस्सा खदखदत येतो, त्यातच भात, वर चिरलेली कांद्याची पात. आमच्या कोल्हापूरच्या पांढऱ्या रश्श्यासारखाच तो थकलेल्या माणसाला सावरतो. मीठ आधी नसतं; लाल मिरचीचा गोळा, खारवलेली बारीक कोळंबी आणि तिळासारख्या बियांची पूड टेबलावर असते, चाखत चाखत घालायचं. कोळंबी एकदम चमचाभर घातली तर खारट होऊन जातं. इथे एकट्यानं जाऊन जेवलं तरी कुणी वळून बघत नाही, शेगडीच्या दुकानात मात्र एकट्याला अवघड जातं. लॅबमध्ये उशीर झालेल्या मुलांनी आणि मुलींनीही हे लक्षात ठेवावं, उजेड असतो, माणसं असतात.

परतीचं आधी ठरवा. मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते, शनिवार-रविवारी थोडी आधी, आणि सुवॉनकडची शेवटची गाडी त्याहूनही आधी चुकते. सोलच्या आत २०१३ पासून रात्रीच्या बस आहेत, नंबराआधी एन असतो, पण त्या सुवॉनला येत नाहीत. टॅक्सी काकाओ टी या ॲपवरून बोलवा. सोलमध्ये सुरुवातीचं भाडं दिवसा ४,८०० वॉन, रात्री दहापासून २० टक्के जास्त, आणि अकरा ते दोन ४० टक्के. शहराची हद्द ओलांडली की आणखी वाढतं. म्हणून सोलमध्ये जेवण असेल तर दहाच्या सुमारास फोनवर शेवटच्या गाडीची वेळ बघून ठेवा आणि ती सरळ सांगून उठा. शेवटची गाडी हे कारण इथे प्रत्येकाला पटतं.

पैसे जाताना काउंटरवर द्यायचे, टिप नाही. पहिली फेरी बहुधा वयानं किंवा हुद्द्यानं मोठा माणूस देतो, तेव्हा कार्ड काढून ओढाताण करू नका. पुढची कॉफी तुम्ही घ्या. बरोबरीचे असाल तर वाटून, टॉस किंवा काकाओ पे या पैशांच्या ॲपवर लगेच पाठवा, दुसऱ्या दिवसावर ठेवू नका. आणि ज्यानं पैसे दिले त्याला सकाळी भेटल्यावर, ईमेलवर नाही तर समोर उभं राहून, थोडं वाकून म्हणा, "ऑजे चाल मॉगॉस्सुम्निदा", काल छान जेवलो. नुसता भात आणि लेट्यूस खाल्लं असेल तरी म्हणा.