शिष्यवृत्तीची तोंडी ऑफर कशी पारखावी आणि ती मागे घेतली गेल्यास काय करावे

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलच्या (म्हणजे सॉकर नव्हे, अमेरिकन फुटबॉलच्या) प्रशिक्षकाने फोनवर पूर्ण शिष्यवृत्ती देऊ केली आणि मुलाने तिथल्या तिथे होकार दिला, तरी त्या क्षणी दोघांपैकी कोणावरही नियमाचे बंधन येत नाही. कॉलेज खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या नियमांनुसार बारावीच्या वर्षातील १ ऑगस्टपूर्वी लेखी ऑफर देता येत नाही आणि तिच्यावर सही होते ती डिसेंबरच्या सुरुवातीला किंवा त्यानंतर फेब्रुवारीत. त्याआधीची सगळी बोलणी, मग ती नववीत झालेली असोत वा अकरावीत, केवळ शब्दावर चालतात. २०१० मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रशिक्षकाने सातवीतल्या मुलाला ऑफर दिली होती. सहीपर्यंत पाच वर्षे असताना दिलेला असा शब्द कोण, कसा पाळणार, हा प्रश्न त्याच वेळी विचारायला हवा होता.

दोन्ही बाजू मोकळ्या आहेत, मुलेही शब्द फिरवतात, मग तक्रार कशाची, असे प्रशिक्षक नेहमी म्हणतात. मला हे म्हणणे पटत नाही. विद्यापीठ एका जागेसाठी अनेक मुलांना ऑफर देऊन ठेवते, त्यामुळे एकाने नकार दिला तर दुसरा तयार असतो. मुलाने मात्र होकार जाहीर केला की इतर प्रशिक्षक त्याचा नाद सोडतात आणि आपापल्या जागा भरून टाकतात. म्हणजे विद्यापीठाच्या शब्दावर विसंबून मुलगा जे गमावतो ते त्याला परत मिळत नाही. ऑफर मागे घेणे किती गैर आहे हे ठरवताना पाहावे ते हेच: मुलाने या शब्दापोटी काय सोडले, आणि त्याला कळवले तेव्हा दुसरीकडे जाण्यासाठी किती वेळ उरला होता.

या कसोटीवर घटना वेगवेगळ्या ठरतात. मुलगा प्रवेशासाठी आवश्यक गुण मिळवू शकला नाही किंवा गंभीर गैरवर्तन केले, तर ऑफर मागे घेण्यात अन्याय नाही, मात्र ही अट आधी सांगितलेली असावी. शेवटच्या हंगामात गुडघा दुखावल्यामुळे ऑफर मागे घेणे नियमात बसते, पण ज्या खेळासाठी मुलाला बोलावले त्याच खेळात तो जायबंदी झाला म्हणून त्याला वाऱ्यावर सोडणे मी योग्य मानत नाही. सर्वांत वाईट प्रकार म्हणजे अधिक चांगला खेळाडू सापडल्यामुळे शेवटच्या आठवड्यांत केलेला फोन. मिशिगन विद्यापीठाकडे २०१३ पासून होकार देऊन बसलेल्या एका मुलाला, मधल्या काळात मुख्य प्रशिक्षक बदलल्यानंतर, जानेवारी २०१६ मध्ये, म्हणजे सहीचा दिवस तोंडावर आला असताना, जागा नसल्याचे कळले. जानेवारी २०१७ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठातही नवा प्रशिक्षक आला आणि न्यू जर्सीतील एका मुलाच्या बाबतीत तसेच घडले. नव्या प्रशिक्षकाला आपली पसंती असू शकते, पण शब्द विद्यापीठाच्या नावाने दिला गेलेला असतो. तो पाळायचा नसेल तर निदान पहिल्याच आठवड्यात तसे सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे.

म्हणून ऑफर आल्याबरोबर आनंद साजरा करावा, पण होकार देण्याआधी मुख्य प्रशिक्षकाशी स्वतः बोलावे. सहायक प्रशिक्षकाच्या शब्दावर थांबू नये. पहिला प्रश्न असा असावा: “माझ्या मुलाने आज होकार दिला, तर तुम्ही तो आज स्वीकाराल का?” उत्तर “आधी आमच्या शिबिरात खेळून दाखवू दे” किंवा “थोडे थांबू या” असे आले, तर ती खरी ऑफर नव्हे, केवळ रस दाखवणे आहे. त्यानंतर या वर्षी याच स्थानावर किती मुले घेणार, ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, अनुभवी खेळाडू मिळाला तर या जागेचे काय होणार, दुखापत झाली तर काय, शिष्यवृत्ती एका वर्षाची की अनेक वर्षांची, आणि प्रवेश ऑगस्टमध्येच मिळणार की जानेवारीपर्यंत पुढे ढकलला जाणार, हे विचारावे. शेवटचा प्रश्न अनेकांना सुचत नाही, पण तो महत्त्वाचा आहे. २०१० च्या ऑगस्टमध्ये लुईझियाना स्टेट विद्यापीठात वसतिगृहात राहायला आलेल्या एका नव्या खेळाडूला शिष्यवृत्तीच्या ८५ जागा भरल्याचे सांगून प्रवेश पुढे ढकलण्यास सुचवले गेले आणि तो दुसऱ्या विद्यापीठात निघून गेला.

बोलणे झाले की त्याच संध्याकाळी ईमेल पाठवावा. त्यात फार शब्द नकोत: “आज आपण सांगितले की ऑफर पूर्ण शिष्यवृत्तीची आहे, मुलगा होकार देईल तेव्हा ती लागू होईल, आणि सहीपूर्वी दुखापत झाली तरी ती कायम राहील. आमच्या समजण्यात काही चूक असल्यास कृपया कळवावे.” हा करार नव्हे आणि त्याच्या जोरावर न्यायालयात दाद मिळेल अशी आशा धरू नये. पण प्रामाणिक प्रशिक्षक त्याला उत्तर देतो आणि उत्तर टाळणारा आपल्याला वेळेवर सावध करतो.

होकारानंतर इतर दारे बंद करावीत का? प्रशिक्षकाला आपण जे मागतो तेच आपणही द्यावे, म्हणजे लपवाछपवी करू नये. “लेखी कागद हाती येईपर्यंत आम्ही आणखी दोन विद्यापीठांच्या संपर्कात राहू,” असे स्पष्ट सांगावे. यावर कोणी संतापले, तर तो स्वतः त्याच स्थानासाठी आणखी किती मुलांशी बोलतो आहे हे शांतपणे विचारावे.

शिक्षणाचा मार्ग खेळापासून वेगळाही खुला ठेवावा. खेळाडूंची शैक्षणिक पात्रता तपासणाऱ्या एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरमध्ये नोंदणी करून डिव्हिजन १ साठी (एनसीएएच्या तीन गटांपैकी सर्वांत वरच्या गटासाठी) लागणारे १६ मुख्य विषय आणि २.३ चा किमान जीपीए (गुणांची सरासरी) यांची पूर्तता होते आहे ना, हे अकरावीतच तपासावे आणि काही महाविद्यालयांत नेहमीचा प्रवेश अर्ज मुदतीत भरावा. आयव्ही लीग (हार्वर्ड, येल यांसारख्या आठ विद्यापीठांचा गट) आणि डिव्हिजन ३ मध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसते, पण घरच्या आर्थिक परिस्थितीनुसार मदत मिळू शकते. एच-४ व्हिसावर (एच-१बी नोकरदारांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) असलेल्या आपल्या मराठी मुलांना संघराज्य सरकारची विद्यार्थी मदत मिळत नाही, म्हणून अशा घरांनी महाविद्यालयाच्या स्वतःच्या निधीची चौकशी आधीपासून करावी.

ऑफर मागे घेतल्याचा फोन आला, तर त्याच फोनवर कुठल्याही पर्यायी प्रस्तावाला होकार देऊ नये. शिष्यवृत्तीविना संघात येण्याचे किंवा जानेवारीत दाखल होण्याचे आमिष त्या क्षणी आधारासारखे वाटते. कारण विचारावे, ते ईमेलने मागावे आणि मुलाच्या हायस्कूलच्या प्रशिक्षकाला त्याच दिवशी कामाला लावावे. ताजी व्हिडिओ फिल्म, गुणपत्रक आणि एलिजिबिलिटी सेंटरचा क्रमांक तयार असेल, तर तो एका संध्याकाळीच अनेक विद्यापीठांना फोन करू शकतो. फुटबॉलच्या एफसीएस गटातील (डिव्हिजन १ मधील दुसऱ्या पातळीवरील) आणि डिव्हिजन २ मधील अनेक संघ फेब्रुवारीपर्यंत जागा भरत असतात, त्यामुळे डिसेंबरमध्ये तोंडाला पाने पुसली गेली तरी सगळे संपत नाही. समाजमाध्यमांवर एवढेच लिहावे की मुलगा पुन्हा उपलब्ध आहे. राग व्यक्त करायचा असेल तर तो विद्यापीठाच्या क्रीडा संचालकाला तारखा आणि ईमेलच्या प्रतींसह पत्र लिहून करावा.

सही झाल्यावर चित्र बदलते. १९६४ पासून चालत आलेले नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे खेळाडूला एका विद्यापीठाशी बांधणारे पत्र, एनसीएएने ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद केले आणि आता शिष्यवृत्तीचा लेखी करार हाच मुख्य कागद आहे. त्यात नमूद केलेल्या मुदतीत खराब खेळ किंवा दुखापत या कारणांसाठी रक्कम कमी करता येत नाही. म्हणून मुदतीचा रकाना सर्वांत आधी वाचावा. करार एका वर्षाचा असेल आणि नूतनीकरण होणार नसेल, तर विद्यापीठाने १ जुलैपर्यंत लेखी कळवावे लागते आणि विद्यार्थ्याला सुनावणी मागता येते.

मात्र शिष्यवृत्ती आणि संघातील जागा या आता दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मंजूर केलेल्या, खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध मोबदल्यासाठी लढवलेल्या हाउस खटल्यातील तडजोडीनुसार, त्यात सहभागी विद्यापीठांवर ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा राहिली नाही, पण फुटबॉल संघात १०५ च खेळाडू ठेवता येतात. मंजुरीपूर्वीच अनेक संघांनी खेळाडू कमी केले आणि हायस्कूलच्या मुलांना दिलेले शब्द मागे घेतले. न्यायाधीशांनी त्यावर आक्षेप घेतल्यानंतर अशा खेळाडूंना १०५ च्या मर्यादेत न मोजण्याची तरतूद झाली, पण पुन्हा जागा देणे विद्यापीठांच्या मर्जीवरच राहिले. त्यामुळे यापुढे प्रशिक्षकाला आणखी एक प्रश्न विचारावा: शिष्यवृत्ती कायम राहील, पण १०५ मध्ये नाव राहिले नाही, तर मुलाला हे कोणत्या तारखेपर्यंत सांगाल? ती तारीखही त्याच ईमेलमध्ये लिहून ठेवावी.