चंद्रकळा फायरफॉक्सला नेसवताना

पोटापाण्याचं काम म्हणून मी इचलकरंजीत साड्यांच्या काठापदराची डिझाइनं संगणकावर काढते. रात्री जेवणं आटोपली की त्याच संगणकावर फायरफॉक्स या ब्राउझरच्या थीम, म्हणजे त्याच्या खिडकीला नेसवायचे रंग आणि नक्षी, करते आणि फुकट वाटते. पैसे मिळत नाहीत, पण पार्टीचा फोनही येत नाही की 'मॅडम, हिरवा जरा उठावदार करा'. कुणाला हा नाद लावून घ्यायचा असेल तर मी कशी करते ते सांगते. उदाहरणाला चंद्रकळा घेऊ: अंग काळं, काठ तांबडा.

फायरफॉक्सच का? क्रोम या दुसऱ्या ब्राउझरच्या दुकानात थीम ठेवायची तर आधी पाच डॉलर नोंदणी भरावी लागते, एकदाच. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाकडे तेही नाही. शिवाय रंग देण्याच्या जागा इथे पुष्कळ.

थीम म्हणजे एक फोल्डर. त्यात 'मॅनिफेस्ट.जेसन' नावाची साधी मजकुराची फाइल आणि हवं तर एखादं चित्र. प्रोग्रामिंग शून्य. फाइलीत नाव, आवृत्ती आणि 'थीम' हा विभाग असतो. विभागात चित्रं, रंग आणि गुणधर्म असे तीन कप्पे. थीमचं नाव देवनागरीत दिलं तरी चालतं, बाकीचे शब्द आणि आकडे मात्र इंग्रजीच टाइप करायचे. यादीतल्या शेवटच्या ओळीनंतर स्वल्पविराम ठेवलात तर फाइल उघडणारच नाही. काहीही कारण नसताना थीम रुसली तर आधी तो स्वल्पविराम शोधा.

नवखा माणूस आधी चित्राच्या मागे लागतो. चित्र बाजूला ठेवा, रंगांपासून सुरुवात करा. मी रंग लाल-हिरवा-निळा अशा तीन आकड्यांत लिहिते, कारण क्रोमलाही तेच चालतात. पुढेमागे थीम तिकडे न्यायची झाली तर सोपं जातं. चंद्रकळेची चौकट, म्हणजे टॅबमागची 'फ्रेम', २२, १९, २६. निव्वळ काळा घेत नाही, स्क्रीनवर तो भोकासारखा दिसतो. त्याखालची पत्त्याची आणि बटणांची पट्टी, 'टूलबार', ३६, ३१, ४३. अक्षरं २४३, २३३, २२०, म्हणजे न धुतलेल्या सुताचा रंग. काठ १९२, ३९, ४५.

आता हिशेब. वेब सुलभतेच्या नियमांत नेहमीच्या आकाराच्या अक्षरांसाठी रंगांतला फरक किमान ४.५ ला १ मागितला आहे. मोठी अक्षरं आणि चिन्हांसाठी ३ ला १. हा फरक मोजून देणारी साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात. आपली सुती अक्षरं त्या काळ्यावर पंधराच्या आसपास जातात, झकास. तांबडा त्याच काळ्यावर जेमतेम तीनच्या वर पोचतो आणि टूलबारवर तीनच्याही खाली घसरतो. तेव्हा टॅबवरची अक्षरं तांबडी करायचा मोह आवरा, बटणंही नकोत. तांबडा फक्त काठाला. कापडावर हे गणित कुणी करत नाही, कारण कापड कुणी दिवसभर वाचत बसत नाही.

काठ द्यायचे दोन मार्ग. सोपा मार्ग 'टूलबार बॉटम सेपरेटर' हा रंग: टूलबार संपून पान सुरू होतं तिथली रेघ. रेघ बारीक येते, पण कुठल्याही स्क्रीनवर जागा सोडत नाही.

नक्षीचा काठ हवा असेल तर मात्र जपून. 'थीम फ्रेम' म्हणून दिलेलं चित्र फायरफॉक्स वरच्या उजव्या कोपऱ्याला टांगतं. एकच लांब चित्र करून त्याच्या खालच्या कडेला काठ काढलात, तर तुमच्या स्क्रीनवर तो बरोबर बसेल. दुसऱ्याने बुकमार्कची पट्टी उघडली की वरच्या सगळ्या भागाची एकूण उंची वाढते आणि काठ मधेच लोंबतो. बंद केली की कापला जातो. ती उंची आपल्या हातात नाही, हे धरूनच चालायचं. म्हणून आमच्या धंद्यात काढतात तसा फक्त एक रिपीट, म्हणजे पुन्हा पुन्हा जोडायचा नक्षीचा तुकडा, काढा, बारा पिक्सेल उंच, डावी कड उजवीला बिनजोड जुळणारा. तो 'ॲडिशनल बॅकग्राउंड्स'मध्ये टाका, जागा 'लेफ्ट बॉटम', पुनरावृत्ती 'रिपीट-एक्स'. मग वरचा भाग कितीही जाड-बारीक झाला तरी काठ खालीच राहतो. टूलबारचा रंग मात्र अर्धपारदर्शक द्यावा लागतो, नाहीतर काठ त्याच्यामागे झाकला जातो. तेवढ्यापुरते तीन आकडे सोडून 'आरजीबीए' पद्धतीने लिहा, चौथा आकडा पारदर्शकतेचा (१ म्हणजे पूर्ण भरीव, ० म्हणजे आरपार), तो ०.८ च्या आसपास. फार पारदर्शक केलात तर बटणं नक्षीत हरवतात. बुट्ट्या, मोर, कुयऱ्या या उंचीत मावत नाहीत. रुईफुलासारखी ठसठशीत भूमितीची नक्षी तेवढी निभावते.

करून बघायला पत्त्याच्या जागी 'अबाउट:डीबगिंग' लिहा, 'धिस फायरफॉक्स'मध्ये जाऊन 'लोड टेम्पररी ॲड-ऑन' दाबा आणि मॅनिफेस्ट दाखवा. थीम लगेच चढते, ब्राउझर बंद केला की उतरते. मग छळ सुरू करा. पत्त्याच्या जागेत टाइप करून खाली उघडणारी यादी वाचता येते का? उजवीकडचा मेनू? दुसऱ्या खिडकीवर गेल्यावर मागे राहिलेली खिडकी ओळखू येते का? त्यासाठी 'फ्रेम इनॲक्टिव्ह' हा वेगळा रंग आहे, बहुतेक जण देतच नाहीत. 'पॉपअप' आणि 'पॉपअप टेक्स्ट' कायम जोडीने द्या, एकच दिलात तर दुसऱ्याचं काय होईल ते नशिबावर.

पाठवताना फोल्डरची झिप करू नका. फोल्डरच्या आत जाऊन फाइली निवडा आणि त्यांची झिप करा. मॅनिफेस्ट सगळ्यात वरच्या पातळीवर सापडला नाही तर झिप परत येते. मोझिलाच्या ॲड-ऑन साइटवर खातं काढून ती चढवा. तिथे परवाना विचारतात. चित्र स्वतःचं असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे इतरांना वापरू देणाऱ्या तयार परवान्यांपैकी एखादा निवडा. गूगलवरून उचललेलं देवाचं, गडाचं किंवा क्रिकेटपटूचं चित्र लावू नका. सगळे लावतात हे कारण होत नाही.

खरा चिवटपणा लागतो तो पुढे. फायरफॉक्स स्वतः कूस बदलत राहतो. २०१७ च्या नोव्हेंबरात ५७ वी आवृत्ती आली आणि अख्खं रूप पालटणाऱ्या जुन्या थीम बाद झाल्या. २०१९ मध्ये ७० व्या आवृत्तीने 'ॲक्सेंटकलर', 'टेक्स्टकलर' ही जुनी नावं काढून टाकली. ज्यांनी 'फ्रेम', 'टॅब बॅकग्राउंड टेक्स्ट' ही नवी नावं घातली नव्हती, त्यांचे रंग गेले. इंटरनेटवरच्या जुन्या धड्यांत ती नावं अजून भेटतात, तो धडा तिथेच सोडा. २०२१ च्या जूनमध्ये ८९ व्या आवृत्तीत टॅब टूलबारपासून सुटे होऊन बटणांसारखे झाले. आणि २०२५ च्या मार्चमध्ये १३६ व्या आवृत्तीने उभे टॅब आणले. मग टॅब बाजूच्या पट्टीत उतरतात, म्हणून 'साइडबार'चे रंगही आता मनावर घ्यावे लागतात.

त्यामुळे फायरफॉक्सची बीटा, म्हणजे आधी चाचणीसाठी येणारी, आवृत्ती वेगळी टाकून ठेवा आणि नवी आली की सगळ्या थीम एकदा चढवून बघा. सुधारलेली फाइल चढवताना आवृत्तीचा आकडा वाढवायचा, आणि जुन्याच नोंदीखाली चढवायची. नवी नोंद काढलीत तर आधीच्या लोकांपर्यंत दुरुस्ती पोचतच नाही. रिपीटची मूळ फाइल थरांसकट जपून ठेवा, नुसत्या पीएनजीवरून काठाचा रंग बदलणं म्हणजे शिक्षा.

थीम मोजक्याच ठेवा. जिची देखभाल होणार नाही ती सरळ बंद करा. मी तशी एकीला निरोप दिला, निळी होती, माझीच आवडती. तक्रार आली तर आधी आवृत्ती कुठली आणि बुकमार्कची पट्टी उघडी आहे का, एवढं विचारा, निम्मं तिथेच उलगडतं. 'मोबाइलवर दिसत नाही' असं कुणी लिहिलं तर शोधाशोध करू नका: अँड्रॉइडच्या फायरफॉक्सवर थीम चढतच नाहीत, तेवढंच कळवून टाका.