चिमणीची सर्व्हिसिंग करताना पाइपही उघडून बघायला लावा
आपल्याकडं करडई तेलाची फोडणी, ठेचा रोजचाच, त्यामुळं किचन चिमणीत तेलाचा चिकट थर लई लवकर बसतो आणि तो पेटू शकतो. चिमणी ऑटोक्लीन, म्हणजे आपोआप साफ होणारी, आहे म्हणून निवांत राहू नका, ते आतल्या फॅनपुरतंच असतं, बाहेर जाणारा पाइप तसाच तेलकट राहतो. वर्षातून एकदा, शक्यतो दिवाळीच्या तळणाआधी, जाणकार सर्व्हिसवाला बोलवा, पाइप काढून आतून दाखवा म्हणा, बाहेरच्या तोंडाशी कबुतराचं घरटं आहे का, मोटारीची वायर कशीय तेपण बघून घ्या. नुसती जाळी धुवून जाणारे बरेच भेटतात, म्हणून फोनवरच सगळं ठरवून घ्या. आणि हो, गॅसची नळी ५ वर्षं झाली की बदलाच. गळतीचा वास आला तर बटणं न दाबता रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर जाऊन १९०६ या गॅस गळतीच्या हेल्पलाइनला फोन लावा.